पाण्याची वेळ

भंडारवाड्याच्या टेकडीवर पावणेचारला मी सायकल लावायचो
तेव्हा बोलोन्यात सव्वाबारा झालेले असायचे.
ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी श्रावस्ती म्हणाली,
पप्पा, आता सव्वाअकराच.
काल पहाटे आमच्याकडे घड्याळ एक तास मागे नेलं.

आमच्याकडे, म्हणाली.

मी म्हटलं, लोकांना विचारलं का?
इथं पाणी दहा मिनिटं उशिरा सोडलं
तर डॉकयार्ड रोडच्या बायका नगरसेवकाला झोपेतून उठवतात.
ती हसली. इथं कुणी रात्री बादल्या लावत नाही, पप्पा.

खांद्यावर चावी, माझ्या छातीएवढी उंच,
कानाला फोन, मी झाकण सरकवतो.
बेचाळीस फेरे. तेवढ्यात ती शहर सांगते.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानी,
फोर्टात आहेत तशाच, फक्त खाली
पट्टेवाले, घड्याळवाले बसलेले नाहीत.
मग उन्हात माणसं बसतात कुठे? मी विचारतो.
दोन मनोरे. एक उंच, दुसरा कललेला.
उंचावर पदवीआधी चढलं तर पदवीच मिळत नाही म्हणे.
शेजाऱ्यांच्या लिंबू-मिरचीवर
मुद्दाम पाय देऊन शाळेत जाणारी ही मुलगी.
चढलीस?
थांब ना, मे महिन्यात चढेन.

ती ओले कागद सुकवायला शिकते.
कुणा व्यापाऱ्याची सहाशे वर्षांपूर्वीची वही,
पुरात भिजलेली,
एकेक पान वेगळं करायचं, श्वास रोखून.
मी जन्मभर पाणी सोडलं.
ती कागदातलं पाणी काढते.
याला शिष्यवृत्ती मिळते, हे परबला अजून पटत नाही.

बत्तीस, तेहतीस.

परवा तिने व्हिडिओ लावला.
भिंतीत एक लहानशी खिडकी, लाकडी झडप.
उघडली तर आत चक्क कालवा.
दोन्हीकडे घरांच्या पाठी, वाळत घातलेले टॉवेल,
खाली हिरवट पाणी, कुठेतरी घाईत निघालेलं.
सगळ्या शहराखाली असंच आहे म्हणाली,
वर रस्ते केले आणि झाकून टाकलं.
पप्पा, बघा, तुमचं खातं इथंही होतं.

माझा आजा गावच्या विहिरीपाशी
कुणीतरी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून उभा राहायचा.
हे तिला मी कधी नीट सांगितलेलं नाही.
तिने ते कुठूनतरी वाचलेलं असणार.
झडप उघडताना तिचा हात
जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

बेचाळीस.
खाली नळात पाणी धावतं, पायाला कळतं.

आमच्याकडे गळती शोधायला एक दांडी असते.
एक टोक रस्त्यावर, एक टोक कानाला.
रात्री, गाड्या थांबल्या की ऐकायचं.
चांगला नळ गप्प असतो.
फुटलेला सुस्कारतो, अगदी बारीक,
वरून रस्ता कोरडा ठणठणीत.
सत्तावीस वर्षं मी हेच ऐकत आलो.

म्हणून काल जेव्हा ती म्हणाली,
सगळं मस्त आहे पप्पा, थंडीही फारशी नाही,
खोलीतल्या मुली चांगल्या आहेत,
मी फोन कानाला जरा दाबून धरला.

चांगल्या आहेत आणि पुढच्या वाक्याच्या मध्ये
एका जोडावर
होतं काहीतरी.

विचारलं नाही.
गळती सापडली की आम्ही चुन्याने फुली मारतो आणि पुढे जातो.
खोदणारी माणसं वेगळी, ती उजाडल्यावर येतात.

घरी येऊन तिच्या आईला उठवलं.
म्हटलं, दुपारी तू फोन कर.
तिच्याकडे तेव्हा सकाळ असेल.
किती वाजता करू, तिने विचारलं,
आणि आम्ही दोघं गॅसपाशी उभे राहून
बोटांवर मोजत बसलो,
साडेतीन की साडेचार.